टेबल ७४ सेंटीमीटर, पोर आठ वर्षांची

आत्ताच मीटिंगहून आले. डोकं तापलंय, म्हणून चहाच्याही आधी हे लिहायला बसले.

आपल्या इंदूरला लहान मुलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा भरवायचं घाटतंय. रामबागेत एकांच्या घरी वीसेक माणसं जमली होती. पाऊण तास चर्चा कशावर, तर पाहुणे कोण बोलवायचे, स्टेजवर सोफे किती, मोमेंटो कसले, खेळाडूंना सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, कधी न्यायचं. मी विचारलं, मुलांच्या खुर्च्यांचं काय? "वहिनी, ते टेंटवाला बघेल." झालं, पुढचा विषय.

टेंटवाला बघत नाही हो!

तीन वर्षांपूर्वी माझी लेक आठ वर्षांची असताना नॅशनल खेळली. राज्याच्या निवडीत अर्ध्या गुणाने हुकली, म्हणून स्पेशल एन्ट्री भरली. निवड झालेल्या मुलांपेक्षा फी कितीतरी जास्त. वर रजिस्ट्रेशन, जन्मदाखला, रेल्वे, हॉटेल, ह्यांची रजा. इतकं करून पोचलो. पहिल्या दिवशी पालकांना फोटोपुरतं पाच मिनिटं आत सोडलं, तेव्हा पाहिलं. टेबल तिच्या छातीला लागत होतं, पाय लोंबकळत होते. मग दार बंद.

प्रत्येकाला ९० मिनिटं, वर दर चालीला ३० सेकंद. साठ चालींचा डाव झाला तर दोघांचे मिळून चार तास होतात. ती बाहेर आली ती लंगडत. अख्खा डाव खुर्चीवर गुडघे टेकून खेळली होती, कारण बसून तिचा हात पटाच्या पलीकडच्या, आठव्या रांगेपर्यंत पोचत नव्हता. हत्ती पुढे न्यायला वाकली आणि कोपराने तीन प्यादी पडली. ती तिनेच, स्वतःच्या घड्याळावर, म्हणजे स्वतःच्या वेळातून उचलून लावायची, नियमच तसा आहे. दोन्ही गुडघ्यांवर प्लास्टिकच्या खुर्चीची जाळी लालबुंद उमटली होती. मी बोट फिरवलं तर म्हणाली, "आई, हरले म्हणून नाही रडत."

फिडेच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या, नियमांत टेबलाची उंची ७४ सेंटीमीटर दिली आहे. आणि तिथेच म्हटलंय की मुलांच्या स्पर्धेत खास सोय करावी. म्हणजे ही काही माझ्या पदरची मागणी नाही.

आज भाषणात दिव्या देशमुखने २०२५ ला बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला ते झालं, टाळ्या झाल्या. जुन्या बुद्धिबळपटू रोहिणी खाडिलकरांचं नाव निघालं, पुन्हा टाळ्या. १९७६ साली त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांनी स्पष्ट सांगितलं की बायकांना राष्ट्रीय स्पर्धेतून अडवता येणार नाही. खाडिलकरांच्या घरानं पोरीला पटावर बसवायला इतकं केलं. आणि आपल्याला त्यांच्या नावाने टाळ्या वाजवता येतात, पण पोरीला नीट बसता येईल अशी खुर्ची काही सुचत नाही!

मान्य, कमिटीतली माणसं पदरमोड करतात. स्टेज नसेल तर स्पॉन्सर येत नाही, हेही खरं. सराफा तर दाखवाच. पण सोफे दोनने कमी करा ना.

मला तिथला एक तरुण पंच आठवतोय. दुसऱ्या दिवशी मी दारात सोलापुरी चादर घेऊन उभी होते, कोणी आत घेऊ देईना. त्याने घेतली, उलटसुलट झटकून पाहिली, चौपदरी घडी करून लेकीच्या खुर्चीवर ठेवली आणि वर हाताने दाबून सारखी केली. पायाखाली खोकं सरकवलं. त्या दिवशी ती डाव हरली की जिंकली, खरंच लक्षात नाही. बाहेर आली तेव्हा गुडघे कोरे होते, एवढंच आठवतंय. त्या मुलाचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची रुखरुख आजही आहे.

लिहिता लिहिता राग ओसरला. कमिटीतले बरेच जण हे वाचतील, आपलीच माणसं आहेत.

शनिवारी सकाळी मी टेप घेऊन टेंटवाल्याच्या गोडाऊनला जाणार आहे. सोबत कोणी येतंय का? घरी जाड बैठका, लाकडी पाट, लग्नातल्या जुन्या गाद्या पडून असतील तर कळवा. ती चादर माझ्याकडे आहे, ती मी आणतेच.