भजन संपलं, आता उठायचं कसं?

कोकणात गणपतीच्या दिवसांत भजनाला बसणं कुणालाही जमतं. कसोटी नंतर लागते. बुवांचा शेवटचा गजर संपतो, आतून काळ्या वाटाण्याच्या उसळीचा वास येतो आणि साठीपुढची मंडळी एकदम मोबाइलमध्ये डोकं घालतात. कुणाला काही मेसेज आलेला नसतो. आधी दुसरा कोण उठतोय आणि कसा, एवढंच बघायचं असतं.

मग हाताशी येईल ते धरलं जातं. झोपाळ्याची कडी धरणारा झोपाळ्यासोबत पुढे जातो, मागे येतो, पण उठत नाही. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत लादीवरून सरकते. "माका जरा हात दी गो" म्हणून सुनेचा हात धरला, तर ती वर ओढते, आपण खाली ओढतो आणि दुखावतो तिचा खांदा. पडवीचा खांब माझ्या मते सर्वांत भरवशाचा, पण त्याला टेकून कुणीतरी संध्याकाळपासून बसलेलं असतं.

चूक मुळात उठण्याआधीच होते. तासभर मांडी घातली की पायांना मुंग्या येतात, तळव्याला जमीन कळत नाही आणि पाऊल मुरगळतं. म्हणून शेवटच्या अभंगालाच पाय पसरावेत आणि घोटे वीसेक वेळा पुढे-मागे करावेत. शेजारच्याला वाटेल आपण ताल धरलाय. वाटू दे. पोटऱ्या हलल्या की पायांत साचलेलं रक्तही वर सरकतं, त्यामुळे उभं राहिल्यावर गरगरणं कमी होतं.

आता उठणं. मांडीवरून सरळ झटका द्यायचा नाही. एका कुशीला वळून दोन्ही तळहात टेकायचे आणि रांगायच्या पवित्र्यात यायचं. गुडघ्याखाली घडी केलेला पंचा. (गुडघ्याचा सांधा बदललेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.) भिंतीला टेकवलेल्या लाकडी खुर्चीवर हात ठेवायचे. धड असलेला पाय पुढे, टाच पूर्ण टेकलेली. मग पुढे झुकायचं, नाक पुढच्या गुडघ्यावर येईपर्यंत. बरेच जण इथेच कचरतात, वजन मागेच ठेवतात आणि परत बसतात. वजन पुढे आलं की टाचेने जमीन दाबून उठायचं.

उठताना श्वास कोंडला तर रक्तदाब उसळतो. श्वास सोडायला आमच्याकडे तयार सोय आहे: देवापुढच्या गाऱ्हाण्यातलं "व्हय महाराजा!" लांबवून म्हणावं. उभं राहिल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत पाऊल उचलू नये, पुढे उसळ असली तरी.

ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी या बसण्या-उठण्याची चाचणीच बनवली आहे. बसायला ५ गुण, उठायला ५. हात टेकला, गुण गेला. गुडघा टेकला, आणखी एक गेला. सुनेचे किती कापायचे, ते आपलं आपण ठरवावं.

"मी रोज बंदरावर फेरी मारतो" हे उत्तर इथे चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पासष्टीपुढच्यांना तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून निदान ३ दिवस वेगळे सांगितले आहेत. सुरुवात खुर्चीवर करावी. पाच आकडे मोजत हळूहळू बसायचं, हात न लावता उठायचं; आठ-दहा वेळा, जरा थांबून पुन्हा तेवढंच. बदकन बसण्यात मांड्यांना कामच नसतं, ते गुरुत्वाकर्षण करतं. पाच वेळा उठून-बसायला १५ सेकंदांहून जास्त लागले, तर पडण्याचा धोका वाढलाय असं समजतात. तेव्हा डॉक्टरांना दाखवावं आणि पावसात शेवाळलेल्या पाखाडीवर (दगडी पायवाटेवर) काठीशिवाय पाय ठेवू नये.

घरात ओटा आला आणि खाली बसून नारळ खवणं बंद झालं. खवणीची विळी गेली माळ्यावर. दिवसाआड एक नारळ पाटावर बसून खवला तर बसणं-उठणं आपसूक होईल, म्हणून ती खाली काढाच. पण माळ्यावर चढवा नातवाला.