गोदावरीच्या दोन्ही काठांवरचे ससे

माळावरचा ससा म्हणजे एकच ससा, असे आपण सगळेच धरून चालतो. माझे मत असे की, निदान मराठवाड्यातल्या माणसाने तरी हे इतक्या सहज म्हणू नये. कारण भारतीय सशाच्या दोन रूपांमधली सीमा जुन्या वर्णनांत ढोबळमानाने गोदावरीवरच मानलेली आहे आणि ती गोदावरी पैठणपासून नांदेडपर्यंत आपल्याच जिल्ह्यांतून वाहते.

दक्षिणेकडच्या सशाला कानांच्या मागून खांद्यांपर्यंत काळा डाग असतो आणि त्याची शेपटीही वरून काळी असते. उत्तरेकडच्या सशाची मान काळी नसते व शेपटी वरून तांबूस तपकिरी असते. १८२३ आणि १८२६ साली या दोघांना स्वतंत्र प्रजाती म्हणून नावे मिळाली. आज मात्र त्यांना लेपस निग्रिकॉलिस या एकाच प्रजातीच्या उपप्रजाती मानतात. हे एकत्रीकरण मला पटते. दोघेही बीळ खणत नाहीत, गवतात किंवा झुडपाखाली अंगापुरता खोलगट भाग करून दिवसभर बसतात, आणि दोघांचीही पिले अंगावर केस व डोळे उघडे अशीच जन्मतात. (पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा ससा निराळ्याच प्रजातीचा; त्याची पिले उघडीवाघडी आणि मिटल्या डोळ्यांची असतात.)

मला पटत नाही ती नदीची सीमा. जायकवाडीचे धरण होण्यापूर्वी उन्हाळ्यात गोदावरीचे पात्र कितीतरी ठिकाणी नुसती वाळू असे. ते ओलांडायला सशाला अडचण ती कसली? उत्तरेला कन्नडकडचे गौताळा, दक्षिणेला बालाघाटावरचे नायगाव, या दोन अभयारण्यांच्या मधल्या तुरी-हरभऱ्याच्या पट्ट्यात दोन्ही रूपे, किंवा त्यांच्या अधलेमधले ससे असावेत, असा माझा अंदाज आहे. तो खरा की खोटा, हे आपल्या भागातली छायाचित्रेच सांगू शकतील.

मात्र दबा धरून बसलेला ससा कान पाठीवर टाकतो आणि मानेचा डाग नेमका झाकला जातो, म्हणून कान उभारलेले असतानाचे छायाचित्र हवे. त्यासाठी रात्री बॅटरी मारून किंवा कुत्री सोडून त्याला उठवू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार हा गुन्हा आहे. त्यापेक्षा, दुर्दैवाने रस्त्यावर गाडीखाली मेलेला ससा दिसला, तर मान आणि शेपटी यांचे छायाचित्र घ्यावे आणि सोबत तालुका व नदीचा काठ कोणता, एवढे लिहून ठेवावे.