पांढरी व्हॅन आणि दोन सीनची मावशी

पोरी विकणाऱ्या टोळीवरच्या मालिकेचा शुक्रवारचा भाग कट्ट्यावरच्या आम्ही सगळ्यांनीच पाहिला होता, त्यामुळे गोष्ट कुणी कुणाला सांगत बसलं नाही. बंड्या आला तोच हातवारे करत. "काय रेड होती राव! शेवटची दहा मिनिटं मी श्वास घेतला नाही."

"तरी बोलतोयस," कुंदा म्हणाली.

कुंदा सेशन्स कोर्टात लघुलेखक होती. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतलं, आता निवृत्तीनंतर स्वतःचं व्याजासकट वसूल करते आहे. बंड्याला बोलायला विषय लागत नाही, समोर माणूस लागतो. तोही नसला तर मोबाईलवर लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवतो.

त्याचं म्हणणं सरळ होतं. पोरी विकणाऱ्यांना भर चौकात गोळ्या घाला. मालिकेतला इन्स्पेक्टर तेच करायला निघाला होता, पण वरून फोन आला. (सगळ्या मालिकांत वरून येणारा हा फोन एकच माणूस करत असावा. आवाजसुद्धा तोच असतो.)

"गोळ्या कुणाला? व्हॅनवाल्याला?" कुंदाने विचारलं.

"मग काय!"

"आणि मावशीला?"

"कुठली मावशी?"

"बघा. ह्याला मावशी आठवतही नाही. बिचारीला सीनच दोन दिले होते. पहिल्यात ती पोरीच्या आईला सांगते, ओळखीची माणसं आहेत, घरकाम आहे, खाऊनपिऊन पगार. दुसऱ्यात नोटा मोजते. गुन्हा तिथेच पुरा झाला! पण पोरगी आपणहून पिशवी घेऊन एसटीत बसली तर जाहिरातीनंतर बघायला कोण थांबणार? म्हणून मग पांढरी व्हॅन आणि क्लोरोफॉर्मचा रुमाल."

"काम मात्र चांगलं केलं हो तिने," सुरेश म्हणाला. सुरेश नेहमी अभिनयावरच बोलतो, कारण एकदा राज्य नाट्य स्पर्धेत तो हवालदार झाला होता. "साहेब, गाडी आली," एवढं एकच वाक्य होतं. गाडी आली, साहेबही गेले, वाक्य अजून यायचंय. हे बंड्याने नव्याने सांगितलं, मग सुरेशने बंड्याकडे अडकलेल्या आपल्या पैशांचा विषय काढला, आणि 'ते तर दिले की मागच्या आठवड्यात' यावर ते मिटलं.

दिगू तोवर गप्प होता. त्याचं गाव बीडकडचं, निम्मी भावकी ऊसतोडीला जाते. "आमच्याकडं व्हॅन लागत नाही," तो म्हणाला. "उचल पुरते. पावसाळ्यात घरात काही नसतं तेव्हा मुकादम, म्हणजे तोडीला मजूर नेणारा, आगाऊ पैसे देऊन जातो. हंगामात फिटली तर फिटली. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर. हिशेबाची वही त्याच्याकडं."

"1976 चा कायदा आहे ना वेठबिगारीचा," मी म्हणालो.

"हाय की. वहीपण हाय." मग जरा थांबून, "माझा आजा मुकादमच होता, म्हणून सांगतो."

"पण ते ट्रॅफिकिंग, मानवी तस्करी नव्हे!" बंड्या. "ट्रॅफिकिंग म्हणजे मुली."

ह्यावर कुंदाने चष्मा काढला. तिने चष्मा काढला की समजायचं, आता आकडे येणार. "आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2021 चा अंदाज ऐक. जगभरात सक्तीने राबवली जाणारी माणसं 2 कोटी 76 लाख. त्यांतली देहविक्रयात ढकललेली 63 लाख. बाकीची शेतात, बोटींवर, कारखान्यात, कुणाच्यातरी घरी भांडी घासताहेत. 39 लाखांना तर सरकारंच राबवतात. त्यांच्यावर कोण रेड टाकणार? तुझा इन्स्पेक्टर?"

"इगतपुरीचं आठवतंय का?" दिगू म्हणाला. "2022 ला. कातकऱ्यांची लेकरं मेंढ्या राखायला नगरकडं दिली होती. बदल्यात एक मेंढी आणि थोडे पैसे. एक पोरगी मेली तेव्हा पेपरात आलं."

कुणी काही बोललं नाही. बंड्याने मोबाईल काढला आणि परत ठेवला. मग त्याच्याने राहवेना. "बरोबर आहे रे. पण ह्याच्यावर एपिसोड केला तर बघणार कोण? मेंढ्या?"

हसायला नको होतं. पण सुरेश हसला, मग दिगूच हसला, मग सगळेच.

कुंदा मात्र विषय सोडणारी नव्हे. "बनावट गिऱ्हाईक पाठवलं, सापळा लागला, सुटका झाली. आई धावत येते, मिठी, सतार, संपलं. अरे, आमच्याकडे फाईल यायची ती त्यानंतर! पोरगी आधी सुधारगृहात. खटला उभा राहीपर्यंत तिचं लग्न झालेलं. समन्स जातं ते सासरी. मग ती कोर्टात येते आणि सांगते, मी ह्या बाईला ओळखत नाही. सरकारी वकील म्हणतात, साक्षीदार फितूर. मी टाईप करते, फितूर. एका केसमध्ये ती आरोपी म्हणजे पोरीची सख्खी मावशी. 'ओळखत नाही' म्हणाली, आणि त्या दोघी आल्या होत्या एकाच एसटीने."

"पण ती स्वतःच गेली होती म्हटल्यावर..." बंड्या पुटपुटला.

"नव्या भारतीय न्याय संहितेचं 143 कलम वाच. फसवून, दबावाने, किंवा जिच्या ताब्यात पोर आहे तिला पैसे चारून नेलं असेल, तर पोरीची संमती होती की नव्हती ह्याला काडीची किंमत नाही. आणि ते गिऱ्हाईक? रेडमध्ये ओढणीने तोंड झाकलेल्या मुलींची रांग दाखवली. पुरुष एकही नाही! सगळे बाथरूमच्या खिडकीतून गेले वाटतं. मुलगी विकून आणलेली आहे हे माहीत असून जो तिला वापरतो, त्याच्यासाठी 144 आहे."

"144 म्हणजे जमावबंदी ना?" बंड्या दचकून म्हणाला. "आपण पाच जण आहोत!"

ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली, आता तिचा नंबर 163, असं कुंदा सांगायला गेली, पण ऐकायला कोणी शुद्धीवर नव्हतं.

हसू ओसरल्यावर सुरेशने विचारलं, "बंड्या, तुझा भाचा थायलंडला चालला होता ना रे? डेटा एंट्रीला?"

"पुढच्या महिन्यात. पगार डॉलरमध्ये."

कुंदाने चष्मा पुन्हा काढला. थायलंडच्या नावाने नेतात, सीमेपलीकडे म्यानमारात उतरवतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. 2025 च्या मार्चमध्ये हवाई दलाची विमानं पाठवून पाचशेच्या वर माणसं परत आणावी लागली, हे तिने एका दमात सांगितलं. "एजंट कोण आहे?"

"तसा नाहीये तो. साधा माणूस आहे. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा—"

"मावशी!" आम्ही तिघे-चौघे एकदमच ओरडलो.

बंड्याचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. त्याने तिथल्या तिथे भाच्याला फोन लावला, आणि घाबरलेल्या हाताने स्पीकर चालू केला. "पासपोर्ट कुठाय तुझा?"

"घरीच आहे मामा. एजंट रोज फोन करतोय, पैसे भरल्याशिवाय पुढं सरकणार नाही म्हणतोय. आईने तुमच्याकडे दिले होते ना भरायला? भरले का?"

बंड्याने फोन कापला. सुरेशने हळूच स्वतःच्या खिशावर हात ठेवला. "मागच्या आठवड्यात तू मला दिलेस ते..."

दिगू तर कट्ट्यावरून खाली उतरून हसायला लागला. कुंदा म्हणाली, सव्वीस वर्षांच्या नोकरीत असला आरोपी पाहिला नाही. पण बंड्या तोवर सावरला होता.

"हसा. पण रेड न टाकता पोराची सुटका केली का नाही?" मग सुरेशच्या खांद्यावर हात टाकून, "आता ताईचे पैसे तेवढे परत करायला हवेत. सुऱ्या, थोडे दिवस देतोस का परत?"