दहाव्या माणसाआधी

आठवड्याला किती तास काम करावं, हा वाद आपल्याकडे विझायला तयार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांकडून ७० तासांची अपेक्षा केली. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांपर्यंत पोहोचले. त्याच वर्षी सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांतली दिवसाची कमाल मर्यादा ९ वरून १० तास करायला मंजुरी दिली. जर्मनीत राहून पुणे, नाशिक, कोल्हापुरातल्या पाच-सहा जणांच्या साथीने सॉफ्टवेअरचा छोटा धंदा उभा करणारी बरीच मराठी माणसं आहेत. त्यांच्यासाठी हा वाद मला बिनकामाचा वाटतो. पुढचा माणूस कधी घ्यायचा, कुठल्या करारावर घ्यायचा आणि त्याचं काम कोण बघणार, या तीन प्रश्नांवर त्यांची कंपनी टिकते किंवा बुडते.

तरी इथल्या, म्हणजे जर्मनीच्या, कायद्यातून एक गोष्ट जरूर उचलावी. जर्मनीच्या १९९४ च्या कामाच्या वेळांच्या कायद्यानुसार दिवसाचे ८ तास. सहा महिन्यांची सरासरी आठवर येणार असेल तर १० पर्यंत चालतं. आणि एका दिवसाचं काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती. रोजच्या मर्यादेऐवजी आठवड्याची मर्यादा ठेवावी असं २०२५ च्या सत्ताधारी आघाडीच्या करारातच लिहिलंय आणि कामगार संघटना त्याला विरोध करताहेत, म्हणजे वाद इथेही आहेच. पण तो ११ तासांचा नियम पुण्याच्या माणसाला लागू नसला तरी आपणहून पाळावा, कारण वेळेच्या फरकामुळे पहिला घाला विश्रांतीवरच पडतो.

गणित सोपं आहे. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा फरक बदलतो. पुण्यात सकाळी १० ते संध्याकाळी ६:३० आणि बर्लिनमध्ये ९ पासून काम धरलं, तर सामायिक वेळ उन्हाळ्यात सहा तास आणि हिवाळ्यात पाच. ही चांगलीच मोठी सवलत आहे. कॅलिफोर्नियात बसलेल्याला साडेबारा-साडेतेरा तासांच्या फरकात ती जवळपास मिळतच नाही. तरीही बिघडतं, कारण बर्लिनमधला माणूस स्वतःच्या सोयीने दुपारी ५ ची मीटिंग लावतो. तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचे ८:३० आणि हिवाळ्यात ९:३० झालेले असतात. कोणी तक्रार करत नाही, आणि चार महिन्यांनी चांगला माणूस राजीनामा देतो. म्हणून नियम लेखी ठेवावा: मीटिंग बर्लिनच्या वेळेने उन्हाळ्यात ३ आणि हिवाळ्यात २ च्या आत संपली पाहिजे. सुट्ट्यांचं कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीलाच एकत्र करावं. १ मे दोन्हीकडे सुट्टी असते, पण गणपती आणि दिवाळीच्या आठवड्यात जर्मन ग्राहकाला मोठा बदल द्यायचं कबूल करू नये.

उरलेलं लिहिण्यावर चालतं. दिवस संपताना प्रत्येकाने पाच ओळी लिहाव्यात: काय झालं, काय अडलं, कोणाच्या निर्णयासाठी अडलं, तो निर्णय कधीपर्यंत हवा, आणि फाइल कुठे आहे. यातली तिसरी ओळ सर्वांत मोलाची. महिनाभराच्या नोंदी काढून तिथे कोणाचं नाव किती वेळा आलं ते मोजावं. निम्म्याहून जास्त वेळा संस्थापकाचंच नाव येत असेल, तर नवा माणूस घेऊन काम वाढणार नाही, रांग वाढेल. पाच जणांत बोलणाऱ्या जोड्या १० होतात, आठांत २८, बारांत ६६. टीम दुप्पट झाली की गुंता चौपटीहून जास्त होतो. आधी निर्णय वाटून द्यावेत: दोन दिवसांपेक्षा कमी कामाचा किंवा अमुक रकमेच्या आतला निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा, आणि संस्थापकाला फक्त कळवायचं. तरीही तेच काम सलग तीन महिने साचत राहिलं, तर माणूस घ्यावा.

आता पैसा. बँकेत ९० लाख आहेत, महिन्याचा खर्च साडेसात लाख, उत्पन्न साडेचार लाख असं धरू. महिन्याला तीन लाख कमी पडतात, म्हणजे ३० महिन्यांची पुंजी. वर्षाला १८ लाखांचे दोन जण घेतले, की विमा आणि सॉफ्टवेअर धरून महिन्याला सव्वातीन लाख वाढतात आणि तीच पुंजी १४ महिन्यांवर येते. आपल्या आयटीत ९० दिवसांचा नोटीस पिरियड सर्रास आहे, आणि रुजू झाल्यावर तीन महिने शिकण्यात जातात. आज घेतलेल्या निर्णयाचं फळ सहा महिन्यांनी दिसायला लागतं. शिवाय त्या ९० दिवसांत उमेदवार दुसरी ऑफर घेऊन निघून जातो, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर. इथे लोक म्हणतात भारतात माणूस पटकन मिळतो. होकार पटकन मिळतो, माणूस नाही. नव्या माणसाचा खर्च धरूनही निदान बारा महिन्यांची पुंजी शिल्लक राहत असेल तरच दोघे एकदम घ्यावेत, नाहीतर एकच.

जोडधंद्याचा वाद इथेच येऊन मिळतो. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठीही काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं, तेव्हापासून आपल्याकडे मूनलायटिंग म्हणजे गद्दारी की हक्क, अशी दोन टोकं झाली आहेत. जर्मनीत दुसरं काम साधारणपणे करता येतं. मात्र बहुतेक करारांत ते कळवण्याची अट असते, स्पर्धकाकडे काम चालत नाही, आणि दोन्ही नोकऱ्यांचे तास मिळून कायद्याची मर्यादा मोजली जाते. मला ही रीत पटते. छोट्या कंपनीने सरसकट बंदी घातली तर माणूस लपवतो, आणि लपवलेला थकवा कामात दिसतो. ‘आधी कळवा, स्पर्धकाकडे नको’ एवढ्या दोन ओळी करारात पुरतात. पण मग दुसरीकडे नोकरीत असलेल्या माणसाकडून आपणही रात्री गुपचूप काम करून घेऊ नये.

करारात सर्वांत महागात पडणारी चूक कोडच्या मालकीची असते. बहुतेक जण फ्रीलान्सरपासून सुरुवात करतात, आणि ते ठीकच आहे. पण भारतीय कॉपीराइट कायद्यात नोकराने नोकरीत केलेल्या कामाची पहिली मालक सहसा त्याला नोकरीवर ठेवणारी कंपनी असते. फ्रीलान्सरने लिहिलेल्या कोडचं तसं नाही. तिथे हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. त्याच कायद्याच्या कलम १९ नुसार करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो संपतो, वेगळं नमूद केलं नसेल तर. जर्मन नमुन्यावरून उचललेल्या करारात या तीनही ओळी हमखास राहून जातात, आणि ते कळतं गुंतवणूकदाराचा वकील कागद तपासायला बसतो तेव्हा. कायमस्वरूपी, जगभरासाठी आणि वापर न केला तरी हक्क कायम, हे तिन्ही स्पष्ट लिहून घ्यावं.

फ्रीलान्सर वर्षानुवर्षं एकाच ग्राहकासाठी, ठरलेल्या वेळेत, रजा मागून काम करत असेल, तर कागदावर काहीही असो, तो नोकरच दिसतो. तिथून पुढे दोन वाटा. तीन-चार जणांपर्यंत एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड बरा: भारतातली त्रयस्थ कंपनी त्यांना नोकरीवर ठेवते, पीएफ-टीडीएस भरते आणि माणशी मासिक शुल्क घेते. पाच-सहा झाले की स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड परवडू लागते. तिला किमान दोन भागधारक आणि दोन संचालक लागतात, पैकी एक संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहिलेला हवा. जर्मनीतले कागद नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात ग्राह्य धरलं जाणारं सरकारी प्रमाणीकरण) करून पाठवायचे. शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर, म्हणजे परदेशी भागधारकाला दिलेल्या शेअरची माहिती देणारा फॉर्म, भरायचा, आणि हीच तारीख सर्रास चुकते. उलाढाल कितीही लहान असली तरी ऑडिट दरवर्षी होणार. जर्मन कंपनीने भारतीय कंपनीला दिलेली रक्कम खर्च अधिक वाजवी नफा अशी ठरवून ठेवावी, नाहीतर प्राप्तिकर खातं ती ठरवतं. युरोपातल्या ग्राहकांची माहिती पुण्यातून नुसती पाहिली तरी ती युरोपाबाहेर गेली असं युरोपीय कायदा मानतो, म्हणून त्यासाठीची ठरावीक करारकलमं लावावीत आणि चाचणीसाठी नावं पुसलेला डेटाच द्यावा.

आणि मग येतो दहाचा आकडा, दोन्हीकडे. जर्मनीत दहापेक्षा जास्त माणसं झाली की सहा महिने पूर्ण केलेल्यांना नोकरीचं संरक्षण देणारा कायदा लागतो. २० तासांपर्यंतचा अर्धवेळ माणूस अर्धा आणि ३० पर्यंतचा पाऊण धरतात. या भीतीने दहावर थांबणारे संस्थापक इथे आहेत, आणि ते मला चुकीचं वाटतं. सहा महिन्यांत माणूस ओळखता येत नसेल, तर दोष कायद्याचा नाही. भारतात दहा जण झाले की ग्रॅच्युइटी आणि २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा लागू होते, आणि लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समितीही नेमावी लागते. सगळे घरून काम करत असले तरी ती हवीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो, त्यामुळे मूळ पगार कमी दाखवून ग्रॅच्युइटी वाचवण्याची जुनी युक्ती संपली. पीएफ वीस जणांवर सक्तीचा आहे, पण तो पहिल्यापासून द्यावा. पुण्यातला अनुभवी माणूस ते विचारतोच.

म्हणून नववा माणूस कोड लिहिणारा घेऊ नये. पगार, करार, रजा आणि या तारखा सांभाळणारी व्यक्ती घ्यावी, अर्धवेळ असली तरी चालेल. दहाव्याचं ऑफर लेटर निघेल तेव्हा समितीची अध्यक्ष आणि बाहेरचा सदस्य ठरलेला असावा, ग्रॅच्युइटीची तरतूद वहीत दिसावी, आणि तो माणूस पहिल्या दिवशी कोणाला विचारून काम सुरू करेल त्याचं नाव संस्थापकाचं नसावं.