त्या बाईला बाई राहू द्या

निळ्या दाढीवाल्याची जुनी फ्रेंच गोष्ट घ्या. श्रीमंत नवरा नव्या बायकोच्या हाती घरभरच्या किल्ल्या देतो आणि एकच खोली उघडू नकोस म्हणून बजावून गावाला जातो. ती उघडते. आत त्याच्या आधीच्या बायकांची प्रेतं. हातातली किल्ली रक्तात पडते, डाग काही केल्या निघत नाही. नवरा परत येतो, डाग बघतो आणि आता तुझी पाळी म्हणतो. यात गुन्हेगार कोण हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण मुलांच्या मनाचा जाणकार म्हणून जगभर गाजलेल्या ब्रूनो बेटलहाइमने १९७६ साली काय लिहिलं? रक्ताळलेली किल्ली म्हणजे बायकोच्या बदफैलीची खूण. बायकांनी आपलं लैंगिक कुतूहल आवरावं आणि पुरुषांनी फसवलं गेल्याच्या रागात वाहून जाऊ नये, हा म्हणे गोष्टीचा धडा.

अहो, खोलीत मढी पडली आहेत! मढी! ती बाई खोली उघडण्याआधीपासून तिथे आहेत. तिने कुणाशी काय केलं याचा गोष्टीत स्पष्ट उल्लेख कुठेही नाही, आणि खुनांचा तर उघड आहे. तरी संशय तिच्यावर. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली ही गोष्ट छापली तेव्हाच शेवटी कुतूहल वाईट असतं असं तात्पर्य चिकटवलं होतं. म्हणजे जवळपास तीनशे वर्षांत दोषाची जागा तीच राहिली, फक्त भाषा नीतीची होती ती मनोविश्लेषणाची झाली. त्या माणसाने बायका का मारल्या, हा प्रश्न कुणालाच का सुचत नाही?

माझं डोकं फिरतं ते इथे. कुठलीही लोककथा काढा, कुणीतरी लगेच उलगडा घेऊन हजर. चेटकीण म्हणजे गिळून टाकणारी आई. राजकन्या म्हणजे नायकाच्या मनातला स्त्री-अंश. म्हातारी म्हणजे दडपलेली सावली. नायक मात्र बहुतेक वेळा नायकच राहतो, हाडामांसाचा, प्रवासाला निघालेला. बाकी सगळ्या बाया त्याच्या मनातलं सामान! तिची भूक, तिची मारहाण, तिचं बाळंतपण, तिची हुशारी, सगळं प्रतीक. कुणी छळलं, कुणी विकलं, कुणी कोंडलं, यातलं काहीच घडलेलं नसतं. सगळं कुणाच्या तरी नेणिवेत.

आणि निदान गोष्ट तरी नीट बघा ना! आजीकडे निघालेल्या आणि वाटेत लांडगा भेटलेल्या लाल टोपीवाल्या मुलीचं उदाहरण तर संतापजनक आहे. मनोविश्लेषक एरिक फ्रॉमने १९५१ साली सांगितलं की लाल टोपी म्हणजे मासिक पाळी, आणि फोडू नकोस म्हणून बजावलेली बाटली म्हणजे कौमार्य. मुलगी म्हणजे वयात येणारी, वाट चुकू बघणारी पोर. पुढे १९८४ साली इतिहासकार रॉबर्ट डार्नटनने दाखवून दिलं की फ्रेंच शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या गोष्टीत लाल टोपी नाहीच आणि बाटलीची ताकीदही नाही. ते सगळं छापील आवृत्त्यांत आलेलं. ज्या तपशिलांवर एवढा मोठा इमला चढवला, ते सांगणाऱ्यांच्या गोष्टीत नव्हतेच!

मग त्या तोंडी गोष्टीत काय आहे? एका रूपात मुलगी लांडग्याच्या तावडीतून स्वतः सुटते. बाहेर जायची घाई झाली आहे म्हणते. तो तिच्या पायाला लोकरीचा दोरा बांधून सोडतो. ती अंगणात जाऊन दोरा झाडाला बांधते आणि पळून जाते. छापील गोष्टीतला सोडवणारा शिकारी इथे नाही, कुणी वाचवायला येत नाही. जिवावर बेतलं असताना एका पोरीने डोकं चालवलं, एवढी मोठी गोष्ट समोर आहे, आणि विद्वान तिच्या पाळीचा हिशोब मांडत बसले.

सावत्र आईचंही तेच. मूल म्हणे एकाच आईचे मनात दोन तुकडे करतं, चांगली ती मेलेली आणि वाईट ती सावत्र. ऐकायला फार खोल वाटतं. पण लोककथा गोळा करून छापणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई होती. १८१९च्या आवृत्तीत तिची सावत्र आई झाली. रानात सोडून दिलेल्या हॅन्सेल आणि ग्रेटेल या भावंडांच्या आईचंही पुढे असंच झालं. म्हणजे हे तुकडे कुठल्या बाळाच्या मनात नाही, संपादकाच्या टेबलावर पडले! आणि जिथे सावत्र आया खरोखर होत्या, तिथे त्या बाळंतपणात बायका मरत होत्या आणि बाप्यांना दुसरं लग्न करावं लागत होतं म्हणून होत्या. घरात खाणारी तोंडं जास्त आणि भाकर कमी. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीची सुरुवातच दुष्काळाने होते. ते एवढं स्पष्ट सांगितलेलं कुणाला दिसत नाही?

सगळ्यात जास्त चीड मला कौतुकाने केलेल्या उलगड्यांची येते. स्कॉटलंडच्या बेटांवरची सीलबाईची गोष्ट. ही समुद्रात सील प्राणी असते, आणि कातडं उतरवलं की बाई होते. किनाऱ्यावर कातडं उतरवून ठेवलेल्या बाईचं ते कातडं एक माणूस लपवतो, तिला घरी नेतो, तिच्याशी संसार करतो. पुढे कधीतरी कातडं सापडतं आणि ती समुद्रात निघून जाते, पोरं मागे टाकून. आता हे कातडं म्हणजे म्हणे प्रत्येक स्त्रीचा हरवलेला आत्मा, तो जिचा तिने शोधायचा. हरवलेला? चोरलाय तो! चोर घरातच बसलाय, तिच्या हातचं जेवतोय. आणि सल्ला काय, तर बाई, स्वतःच्या आत डोकाव.

मन नसतं असं मी म्हणत नाही. या गोष्टी सांगणाऱ्यांत कितीतरी बायका होत्या, आणि माणसाच्या मनाची त्यांना चांगलीच जाण होती. नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ग्रीक इडिपसचंच बघा, मुलाच्या मनातल्या आईच्या ओढीला ज्याच्यावरून इडिपस गंड म्हणतात. लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांना उत्तर कर्नाटकातल्या एका बाईने तशीच जी कथा सांगितली, तिची नायिका आई आहे. स्वतःच्याच मुलाशी तुझं लग्न होईल, त्याच्यापासून तुला मूल होईल, असं कपाळी लिहून आलेली मुलगी. ती ते टाळायला रानात पळते, पोटचं पोर पाण्यात सोडते, आणि तरी व्हायचं ते होतंच. शेवटी पाळण्यातल्या बाळाला झोपवताना ती त्याला मुलगा म्हणते, नातू म्हणते, नवऱ्याचा भाऊ म्हणते, आणि मग स्वतःला गळफास लावून घेते. मुलाच्या गंडाबद्दल आपण किती वर्षं ऐकत आलो. हिला काय झालं, हे विचारायला एक कानडी बाईच लागली.