मोमो पुढं, चप्पल मागं

गेल्या शनिवार-रविवारी आपल्याकडं खाण्याचं आणि हस्तकलेचं मार्केट भरलं होतं, निम्म्या कोल्हापूरनं स्टेटस टाकले, मीपण टाकला, पण मला जे बोलायचंय ते स्टेटसमध्ये मावत नाही. मोठी पोस्ट आहे, वेळ असेल तर वाचा.

आम्ही शाळेतल्या चौघी गेलो होतो. एक बँकेत आहे, एक ट्यूशन घेते, एक लग्न होऊन पुण्याला गेलीय ती माहेरपणाला आलेली, आणि मी. पुणेवालीच्या आग्रहानंच गेलो खरं तर, नाहीतर रविवारी संध्याकाळी आमचं ठरलेलं म्हणजे रंकाळ्याला चक्कर आणि खासबागेत भेळ. एंट्री पन्नास रुपये. गेटवर कमान, लायटिंग, आत एक पोरगा माइकवर सतत ओरडतोय, जगात भारी कोल्हापुरी वगैरे, आणि आत शिरल्या शिरल्या दोन्ही बाजूला खाणंच खाणं. मोमो, कोरियन काहीतरी, काडीला गुंडाळलेला बटाटा, धूर निघणारं मॉकटेल, आणि प्रत्येक गोष्टीवर चीज. मी नाक मुरडत नाहीये हां, मोमो मीपण खाल्ले, चांगले होते, तिखट चटणी तर फर्मास. पण मिसळीबरोबर पाव दिला त्या बाबानं. कोल्हापुरात! आम्ही चौघी एकदमच म्हणलो, ब्रेड नाही का, तर म्हणे ताई पाव जास्त चालतो. कुणाला चालतो देवाला माहीत. आणि पांढरा रस्सा कागदी कपात. पांढरा वाटीनं प्यायचा असतो, कागदी कपात त्याला कागदाचाच वास येतो, हे माझं ठाम मत आहे आणि ह्यावर कमेंटमध्ये वाद घालायला मी तयार आहे.

त्याच ओळीच्या टोकाला एका बचत गटाच्या बायका होत्या, भाकरी आणि खर्डा. तिथं मात्र आम्ही बसूनच जेवलो. ज्वारीची भाकरी तव्यावरनं थेट हातात, खर्डा जरा जाडसर, वर कच्चं तेल, बाजूला कांदा बुक्कीनं फोडून. पुणेवालीच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं तरी ती सोडेना. त्यांच्याकडंच चटणीची पाकिटं होती, म्हणजे आपली वर्षाची चटणी, कांदा-लसणाची, कालवणात घालायचा कोरडा मसाला, बाहेरच्यांनी ती ताटात ओल्या चटणीसारखी वाढून घेऊ नये. ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला असं त्यातल्या एका काकूंनी सांगितलं आणि डंकावर कांडून आणलीय म्हणाल्या. मी अर्धा किलो घेतली. आईला सांगितलं नाहीये अजून, ती म्हणणार घरात चटणी असताना बाहेरची कशाला.

शेजारी आजऱ्याचा घनसाळ तांदूळ होता. वास दोन स्टॉल आधीपासून येत होता, त्याला 2016 साली जीआय (म्हणजे ह्या भागाचाच माल अशी सरकारी नोंद, भौगोलिक मानांकन) मिळालाय हे त्या पोरानं पाटीवर लिहिलेलं, चांगलं केलं. आणि गूळ. गुळाच्या स्टॉलवर एक भला माणूस होता, स्वतःचं गुऱ्हाळ असलेला. आमच्या बँकवालीनं ढेप बघून विचारलं, हा काळपट का हो, जुना आहे का? तो हसला, म्हणाला ताई पिवळाधमक पाहिजे असेल तर तसा करता येतो की, पावडर टाकली की झालं, आम्ही रस रानभेंडीच्या पाण्यानं साफ करतो, मळी वर येते ती काढायची, बाकी काय टाकत न्हाई, मग रंग असाच येतो. त्यानं वाटीत काकवी दिली चाखायला. कोल्हापुरी गुळाला जीआय 2014 लाच मिळालाय, गुळासाठीच तर शाहू महाराजांनी 1895 ला शाहूपुरीची पेठ वसवली, आणि आपण कोल्हापूरकर अजून गूळ घेताना रंग बघून घेतो. असो.

आता मुद्द्यावर येते.

पोट भरल्यावर पुणेवाली म्हणाली, अगं हस्तकला कुठाय? बोर्डावर तर लिहिलंय. शोधलं तर खाण्याच्या रांगा संपतात, त्याच्या मागं जनरेटर, जनरेटरच्या पलीकडं आठ-दहा स्टॉल. लाइट अर्धी. गाणी इकडं येत नाहीत पण जनरेटरचा आवाज येतो. तिथं चप्पल, घोंगडी, बांबूचं बुरुडकाम आणि एक कुंभाराचा पोरगा चाक घेऊन. गर्दी फक्त त्या पोराकडं, कारण लहान पोरं चाकावर बसायला रांगेत उभी होती, वीस रुपयांत पणती करून घरी न्यायची. बाकीचे आपले बसलेले.

आणि मजा बघा, पुढच्या रांगेत, एकदम गेटजवळ, 'अस्सल कोल्हापुरी चप्पल' असा मोठा फ्लेक्स लावून एकानं साडेतीनशेला जोड विकायला ठेवलेले. हात लावून बघितलं तर वर रेक्झिन, खाली रबराचा सोल. माल कुठला म्हणून विचारलं तर म्हणाला होलसेलमधनं येतो. त्याच्याकडं ही गर्दी.

मागं एक मावशी बसल्या होत्या, सुभाषनगरच्या. चामड्याच्या बारीक वाद्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि वेणी घालत होत्या, चप्पलच्या पट्ट्यावर असते ती. आमच्याशी बोलत होत्या, गिऱ्हाइकाला जोड दाखवत होत्या, नातीला ओरडत होत्या, आणि बोटं चालूच. वादी जरा कोरडी वाटली की शेजारच्या वाटीतल्या पाण्यात बोट बुडवायचं, वादीवरनं फिरवायचं, पुढं. मी खरंच किती वेळ बघत उभी होते. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, सोल कापतात, शिवतात, वेणी आणि वरचं नाजूक काम घरातल्या बायकांचं. खिळा एक नाही, शिवायचं ते पण चामड्याच्या वादीनंच. कातडं कमावलेलं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात, त्यामुळं तो वास, ज्याला ते लायटिंगवाले लोक नाक दाबत होते. मला तो वास आवडतो, आमचे आजोबा कापशी चप्पल घालायचे, करकर वाजणारी, ते गल्लीत शिरले की करकर आवाजावरनं आजी चहा ठेवायची.

जोडाची किंमत बाराशे. आमच्या ट्यूशनवालीनं सवयीप्रमाणं सुरुवात केली, मावशी आठशेला द्या की, पुढं साडेतीनशेला मिळतंय. मावशी चिडल्या पण नाहीत. म्हणाल्या, "मग पुढचं घ्या की ताई, त्ये पावसात बी घालता येतंय." मी तिला कोपरानं ढोसलं. हीच बाई पाच मिनिटांपूर्वी दीडशेचं धुराचं मॉकटेल एक शब्द न बोलता पिऊन आली होती.

मग बँकवालीनं विचारलं, मावशी भाडं किती हो इथलं? पुढचे आठ हजार, मागचे चार हजार, दोन दिवसांचे. आणि एका जोडामागं सगळं जाऊन हातात किती राहतंय? मावशी म्हणाल्या अडीचशे धरा. आता हिशेब करा. चार हजार भाडं निघायला सोळा जोड विकायला पाहिजेत, सतराव्या जोडापासनं मावशींच्या घरात पैसा. रविवारी रात्री आठ वाजता त्यांचे नऊ गेले होते. मोमोवाला प्लेटमागं चाळीस सुटतात म्हणाला (बँकवालीनं त्यालाही विचारलं, तिला लाज नाही), म्हणजे दोनशे प्लेटी झाल्या की त्याचे आठ हजार निघाले, आणि शनिवारी एका संध्याकाळीच त्याच्या दोनशेच्या वर गेल्या होत्या. खाणं माणूस एका फेरीत चारदा घेतो. चप्पल दोन वर्षांतनं एकदा घेतो, घोंगडं तर जन्मात एकदा. भाडं मात्र दोघांना फक्त जागेच्या मापानं.

कुणी म्हणेल त्यांना मागं मुद्दाम बसवलंय. तसं मी म्हणत नाही. संयोजकांनी पैशानं जागा दिल्या, जो जास्त देईल तो पुढं, सरळ व्यवहार. पण त्या सरळ व्यवहाराचा निकाल काय लागला बघा, चर्मकार मागं, बुरुड मागं, घोंगडीवाले मागं, आणि त्यांच्या नावावर होलसेलचा माल विकणारा गेटवर. आणि हे शाहू महाराजांच्या गावात. गंगाराम कांबळ्यांना महाराजांनी चहाचं हॉटेल काढून द्यायला मदत केली ती गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कुणी फिरकेना तेव्हा महाराज स्वतः तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. हे हॉटेल भाऊसिंगजी रोडवर होतं, गावाच्या मधोमध, कुठं कोपऱ्यात नव्हतं.

बरं, 2025 च्या जूनमध्ये ते प्राडाचं, त्या इटलीच्या फॅशन कंपनीचं झालं तेव्हा आपण काय काय लिहिलं होतं आठवतंय ना. मिलानच्या शोमध्ये आपल्या चप्पलसारखी सँडल दाखवली आणि कोल्हापूरचं नावच नाही, मग सगळे पेटले, आमच्या ग्रुपवर तर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. नंतर त्यांनी कबूल केलं, त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटून गेली, डिसेंबरमध्ये महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार पण झाला. मावशींना ह्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "तवा लई जण आले की व्हिडिओ काढाय." चप्पल घेतली का कुणी? "घेतली काय काय जणांनी. भाव करूनच." 2019 ला चप्पलला जीआय मिळाला तेव्हा आपल्या बाजूचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात आले, कागद एकदम पक्का आहे. पण गेटवरच्या त्या फ्लेक्सवाल्याला तो कागद कोण दाखवणार?

लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात मी लहानपणापासून जाते. पावती फाडली की पोतं अंथरून बसायचं, कांदेवाली शेजारी, सूप-टोपलीवाला शेजारी, मध्येच मसालेवाला. टोपली घ्यायला म्हणून कुणी जात नाही, पण कांदे घेताना टोपली दिसते आणि घेतली जाते. इथं आम्ही घोंगडीपर्यंत पोचलो ते केवळ पुणेवालीनं बोर्ड वाचला म्हणून. घोंगडीवाल्या काकांकडं आमच्या आधी तासभर कुणी आलं नव्हतं. पट्टणकोडोलीच्या धनगरांच्या यात्रेत हेच काका दोन हातांनी विकत असतील. त्यांनी आम्हाला उलगडून दाखवलं, लोकर कशी, चिंचोक्याची खळ लावतात म्हणून नवं घोंगडं कसं कडक लागतं, वापरून वापरून मऊ पडतं. पुणेवालीनं गालाला लावून बघितलं आणि ओरडली, टोचतंय! काका म्हणाले, "टोचणारच की, मेंढराचं हाय त्ये." तिनं घेतलं शेवटी. ते घोंगडं गाडीच्या डिकीत घालून पुण्याला गेलं, आता तिकडच्या सोसायटीत सोफ्यावर पडलं असेल, पडू दे, विकलं गेलं हे महत्त्वाचं.

तर माझं म्हणणं संयोजकांना (तुमच्यापैकी दोघं-तिघं माझ्या लिस्टमध्ये आहात, मला माहीत आहे). जो माणूस स्टॉलवर बसून स्वतःच्या हातानं काम करून दाखवेल त्याला जागा फुकट द्या. वेणी घाला, सूप विणा, चाक फिरवा, दागिन्याचे मणी ओवा, काहीही, पण हात चालू पाहिजे. ट्यूशनवालीनं लगेच शंका काढली की फुकट म्हणल्यावर कुणीही येऊन बसेल. नाही बसणार, होलसेलवाल्याला वेणी घालता येत नाही. आणि त्यांना खाण्याच्या मध्ये मध्ये बसवा, दोन मोमोवाल्यांच्या मध्ये एक बुरुड. तुमचा मांडवाचा, लाइटचा, परवान्याचा खर्च आहे हे कळतं, तो खाण्यावाल्यांकडनं घ्या, हजार-पाचशे वाढवून घ्या, ते देतील, कारण गर्दी टिकली तर त्यांचाच फायदा आहे. लोक थांबतात ते हात बघायला. त्या कुंभाराच्या पोराला विचारा, जनरेटरच्या मागं बसूनसुद्धा त्याचं भाडं शनिवारीच निघालं होतं. तुम्ही बोर्डावर हस्तकला लिहून स्पॉन्सर आणता, तिकीट लावता, मग ज्यांच्या नावानं आणता त्यांच्याकडनंच परत चार हजार कशाला?

आणि वासाचं म्हणाल तर तळणीच्या तेलाचा वास पण काय अत्तर नव्हता.

मावशी माप घेऊन पण जोड करून देतात. कागदावर पाय ठेवायचा, पेन्सिलनं कड काढायची, दोन्ही पायांची वेगवेगळी, ॲडव्हान्स द्यायचा, आठ-दहा दिवसांत जोड तयार. पहिले काही दिवस चावते, खोबरेल लावून ठेवायची, पावसात घालायची नाही. मी कापशी सांगितलीय, बँकवालीनं वेणीची, आणि ट्यूशनवालीनं पण माप देऊन ठेवलंय, बाराशेलाच, फक्त "आणायला गेल्यावर बघतो की गं मी" असं म्हणत होती. तिला एकटीला पाठवणार नाही. ज्यांना करून घ्यायची असेल त्यांनी मेसेज टाका, पुढच्या रविवारी आम्ही जातोय, दोन गाड्यांत चार जागा रिकाम्या आहेत.