‘भारी फिल्टर लावा, पाणी बदलूच नका’ हा सल्ला माशांच्या जिवावर बेततो

नवी फिशटँक घेणाऱ्यांसाठीच्या सूचनांचा एक मेसेज या महिन्यात माझ्याकडे तिसऱ्यांदा आला. त्यात म्हटलंय : दुकानातला सर्वांत जास्त लिटरचा (म्हणजे तासाला सर्वांत जास्त पाणी फिरवणारा) फिल्टर घ्या, मग पाणी बदलायला नको. पाणी काचेसारखं दिसलं की ते शुद्ध समजा. फिल्टरमधला स्पंज दर रविवारी नळाखाली स्वच्छ धुवा. रात्री फिल्टर बंद करा, मासे झोपतात आणि वीजही वाचते. फायटर (बेटा) माशाला फिल्टर लागतच नाही. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण या सूचना पाळून मासे मरतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या काचेसारख्या पाण्याबद्दल. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनियाला रंग नसतो, त्यामुळे तळाचा खडा न् खडा दिसणाऱ्या टाकीतही मासे गुदमरत असू शकतात. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत का, कल्ले लाल झालेत का, पंख मिटून कोपऱ्यात बसलेत का, हे बघा. थेंबांचं अमोनिया किट घरी असलेलं बरं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी तर ते घ्यावंच. असं पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असतं, आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) 7 वरून 8 वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

हा अमोनिया संपवतात ते फिल्टरमधले जिवाणू. स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिक रिंगवर त्यांचा बुळबुळीत थर बसतो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. हे दुसरं काम नायट्रोबॅक्टर करतात असं बरीच वर्षं समजलं जायचं. गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये ते नायट्रोस्पायरा करतात, हे संशोधक टिमोथी होव्हानेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवलं. नव्या टाकीत ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस मासे थोडेच ठेवा आणि खाणं चिमूटभरच घाला.

आता नळाखाली धुण्याचा सल्ला वाचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन घालतात ते जिवाणू मारण्यासाठीच! माझ्या पहिल्या टाकीत चार गोल्डफिश होते. पाहुणे येणार म्हणून मी स्पंज नळाखाली धरून नव्यासारखा पिवळाधमक होईपर्यंत पिळला. दोन दिवसांनी मासे वर येऊन हवा गिळायला लागले, तिसऱ्या दिवशी सकाळी दोन गेले होते. पाणी तेव्हाही नितळ होतं. उरलेले दोघे वाचले, कारण नंतर आठवडाभर मी रोज अर्धं पाणी बदललं, अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घालून. ती सकाळ मी विसरलेले नाही.

स्पंज धुवायची रीत सोपी आहे. पाणी बदलताना टाकीतलंच पाणी बादलीत काढा, त्यात स्पंज दोन-तीनदा हलक्या हाताने दाबा. कोऱ्या चहासारखा गाळ निघतो. स्पंज तपकिरीच राहतो, तसाच परत बसवा. दोन स्पंज असतील तर या खेपेला एक, पुढच्या खेपेला दुसरा.

रात्री फिल्टर बंद ठेवायची सूचनाही इथेच फसते. त्या जिवाणूंना वाहत्या पाण्यातून सतत ऑक्सिजन लागतो. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमधला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू मरायला लागतात आणि सकाळी बटण दाबलं की ती सगळी घाण टाकीत येते. वाचतं किती? 5 वॅटचा फिल्टर महिनाभर अखंड चालला तर 3.6 युनिट जळतात. रात्रीचे आठ तास बंद ठेवून वाचणार 1.2 युनिट. माशांना झोपेसाठी अंधार हवा असतो, लाइट तेवढा घालवा. तुमच्याकडे वीज तासन् तास जात असेल तर हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर आणि चार्जिंगचा एअर पंप हीच जोडी मी सुचवेन.

राहिला लिटरचा प्रश्न. 24×12×12 इंचांची टाकी काठोकाठ भरली तर 57 लिटरच्या आसपास. खडी आणि वरची मोकळी जागा धरून पाणी 45 ते 50 लिटर. टाकीतल्या पाण्याच्या फिल्टरमधून तासाला चार-पाच फेऱ्या धरल्या तर 200 ते 250 लिटर पुरतात. खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या पंपाचा असतो, स्पंज भरल्यावर प्रवाह घटतो, म्हणून 300 ते 400 लिहिलेला फिल्टर घ्या. त्याच टाकीत 1200 चा लावलात तर गप्पी दिवसभर प्रवाहाशी झगडत राहतील आणि पिल्लं आत ओढली जातील. पिल्लांसाठी स्पंज फिल्टरच बरा. गोल्डफिश, ऑस्कर यांची घाण जास्त, त्यांना टाकी मोठी आणि फिल्टर दुप्पट क्षमतेचा हवा. पण कितीही भारी फिल्टर घेतला तरी नायट्रेट पाण्यात साठतच जातं. झाडं त्यातलं थोडं घेतात, बाकीचं तुम्हालाच बाहेर काढायचंय : आठवड्याला पाव टाकी पाणी.

फायटर हवेतून श्वास घेऊ शकतो, पण अमोनिया त्याचेही कल्ले जाळतो. बरणीऐवजी त्याला 15-20 लिटरची टाकी आणि छोटा स्पंज फिल्टर द्या. हवेच्या नळीला व्हॉल्व्ह लावून बुडबुडे अगदी कमी करा. पाणी एवढं संथ राहिलं की नर कोपऱ्यात फेसाचं घरटंही बांधतो.